गाद्या निघाल्या भंडारदऱ्याला

मराठी माणूस जेवणाच्या बाबतीत परक्यावर विश्वास टाकतो, अंथरुणाच्या बाबतीत नाही. ढाब्यावरचं काहीही तो निमूट खातो. पण परक्या उशीवर डोकं टेकायची वेळ आली की त्याला त्या उशीचा पूर्वेतिहास हवा असतो. त्यामुळे डिसेंबरात भंडारदऱ्याला तळ्याकाठी तंबूत राहायचं ठरलं, तेव्हा 'गादी, उशी, ब्लँकेट मिळेल' असं कॅम्पवाल्याने कळवूनही आमच्या हॉलमध्ये पहिली आली ती गादीच.

"त्यांच्या ब्लँकेटात कोण कोण झोपून गेलं असेल, देव जाणे," आई म्हणाली आणि विषय संपला. मग दुसरी गादी आली, रजई आली, जुन्या लुगड्यांची गोधडी आली, सतरंजी आली, आणि माणशी एक उशी आली. माणसं पाच. आई, बायको, मुलगी, मेहुणा आणि चालक म्हणून मी.

गाडीवाले डिकी लिटरात मोजतात. गादी लिटरात मोजायची आपल्याकडे पद्धत नाही, पण मी मोजली. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, चार इंच जाड म्हणजे 6 घनफूट, म्हणजेच 170 लिटर. दोन गाद्यांचे 340. कागदावर आमच्या डिकीत त्या जेमतेम बसतातही. पण त्या कागदावर सीएनजी नाही. डिकीत 60 लिटरची टाकी लोखंडी पट्ट्यांत आडवी पडलेली आहे. तिच्यापुढे उरलेल्या जागेत एक छत्री मावते, तीही मिटलेली.

मेहुणा ट्रेकिंगवाला. त्याची पिसांची स्लीपिंग बॅग दुधी भोपळ्याएवढ्या पिशवीत बसते. तो सोफ्यावर बसून म्हणाला, "भावोजी, गादीत कापूस थोडा आणि हवाच जास्त. तुम्ही डोंबिवलीची हवा भंडारदऱ्याला नेताय."

"असू दे," आई म्हणाली. "तिथली बाधली तर?"

बायकोने त्यावर व्हॅक्यूमची पिशवी काढली. रजई आत घालायची, झिप लावायची, व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडायची. दोन मिनिटांत रजईचा फरसबंदीचा दगड झाला. सपाट झाली खरी, पण ती वाकेना. शेवटी मागच्या सीटवर आडवी ठेवून तिच्यावर मुलीला बसवलं.

गाद्यांचा प्रश्न खालच्या मजल्यावरच्या काकांनी हाती घेतला. काका रेल्वेतून निवृत्त. त्यांनी माळ्यावरून होल्डॉल काढला. खाकी कॅनव्हास, दोन्ही टोकांना खिसे, चामड्याचे पट्टे. "गुडघा रोव आणि आवळ," ते मला सांगत होते. मी गुडघा रोवला. गादी त्या जागी दबली आणि दोन्ही बाजूंनी वर आली. मग एका टोकाला मेहुणा बसला, दुसऱ्याला काका, आणि पट्टा शेवटच्या भोकात गेला. जी वळकटी झाली ती मागच्या सीटच्या पाठीवर टेकवली, तेव्हा मागची काच पूर्ण झाकली गेली. दुसरी गादी नुसती दुमडून मेहुण्याच्या मांडीवर दिली.

आरशात आता फक्त फुलाफुलांची खोळ दिसत होती. त्यामुळे मागच्या खिडकीशी बसलेली आई वाहतुकीच्या बातम्या देऊ लागली. "मागून एक लाल येतोय." ट्रक आहे की ट्रॅक्टर, हे त्यात येत नसे. कसारा घाट चढताना मुलगी अचानक म्हणाली, "बाबा, मी उंच होतेय." व्हॅक्यूमच्या पिशवीला कुठेतरी भोक पडलं होतं. रजई सावकाश श्वास घेत होती. इगतपुरीला मुलीचं डोकं छताला लागलं. घोटीला चहाला दार उघडताच दोन उश्या टपरीवाल्याच्या पायाशी जाऊन पडल्या. त्याने त्या झटकून परत दिल्या आणि हळूच विचारलं, "बिऱ्हाड हलवताय का?"

मग बारी गाव, डोक्यावर 1646 मीटरचं कळसूबाई, आणि शेंडीला पोचल्यावर समोर आर्थर लेक. मेहुणा माहिती देऊ लागला. प्रवरेवरचं विल्सन धरण, 1926 साली पुरं झालं, पाणी 11 टीएमसी.

"अकरा टीएमसी मावलं त्यांच्याकडे," बायको म्हणाली, "आणि आपल्याला दोन गाद्या मावेनात."

तंबूत कॅम्पवाल्याच्या गाद्या होत्याच. आईने त्यांच्यावर सतरंजी घातली, म्हणजे स्पर्श नको, आणि तिच्यावर आमच्या गाद्या. अंथरूण एवढं उंच झालं की बसलं की डोक्याला तंबूचं कापड लागे. मेहुणा मात्र त्याच्या तंबूतली गादी बाजूला सारून, खऱ्या गिर्यारोहकासारखा जमिनीवर बॅगेत शिरला. बॅगेतली पिसं वरून फुललेली होती, पण खालची त्याच्याच वजनाने चेपून गेली. हवा गेली की ऊब गेली. डिसेंबरातली तिथली जमीन मग सरळ पाठीला भिडते. बॅगेखाली घालायची त्याची फोमची चटई गाडीत जागा नाही म्हणून घरी राहिली होती. मध्यरात्री आमच्या तंबूची चेन सरकली.

"काकू, जरा सरकता का?"

आई सरकली. "ये. हवाच आहे, पण ये."

सकाळी दहिवराने तंबू बाहेरून भिजला होता आणि आमच्या श्वासांनी आतून. कापडाला टेकलेल्या गादीच्या कडा ते सगळं पाणी पिऊन बसल्या होत्या. एक गादी बॉनेटवर, एक कुंपणावर, गोधडी तंबूवर असं वाळवण मांडलं. कॅम्पवाला बराच वेळ बघत होता. "मावशी, पुढच्या शनिवारी गर्दी आहे. ठेवून जाता का गाद्या? भाडं देतो."

"दुसरं काहीही माग," आई म्हणाली.

दुपारपर्यंत गाद्या अर्ध्याच वाळल्या. ओल्या गाद्या नीट आवळल्या जाईनात आणि रजईसाठी तिथे व्हॅक्यूम क्लीनर नव्हता. काकाही नव्हते. सगळं कोंबून झाल्यावर चार माणसांची जागा उरली. कोणीतरी मागे राहायला हवं, यावर एकमत झालं. ती गादी असावी, असं कोणी सुचवलंही नाही. मेहुण्याला जीपने कसाऱ्याला पाठवलं.

आम्ही रात्री घरी पोचलो, तेव्हा तो आंघोळ करून टीव्ही बघत बसला होता. कसाऱ्याला लोकल रिकामीच सुटते. बाकड्यावर जो आडवा झाला, तो म्हणे ठाकुर्ली गेल्यावर उठला. एवढी गाढ झोप अख्ख्या सहलीत लागली नव्हती.

आईने त्याच्याकडे काळजीने पाहिलं. "अंगावर काही घेतलं होतंस का?"