चौथी सीट

लोकलच्या सेकंड क्लासमधलं बाकडं तिघांचं आहे, असं फक्त रेल्वेला वाटतं. मुंबईच्या लेखी ते चौघांचं. ही चौथी सीट पासावर छापलेली नसते, डब्यात तिचा फलक नसतो, तरी मागितली की मिळते. “दादा, जरा सरका,” एवढंच म्हणायचं. खिडकीतला झोपेतच पत्र्याला चिकटतो, मधला मांडीवरची बॅग उभी करतो, तिसरा कपाळाला आठी घालून दोन बोटं सरकतो आणि तेवढ्यात चौथा टेकतो. अर्धं बूड बाकड्यावर, अर्धं अधांतरी, उजवा पाय पॅसेजमध्ये रोवलेला. मोटरमनने ब्रेक मारला की तो पाय कशासाठी होता ते कळतं.

फर्स्ट क्लासात हा रिवाज फारसा नाही. तिथे ‘सरका’ म्हटलं की माणसं आधी तुमचे बूट पाहतात.

चौथ्याची खरी परीक्षा ठाण्याला होते. खिडकीतला उतरतो, सगळे एकेक घर आत सरकतात आणि आपला चौथा तिसरा होतो. लगेच नवा कोणीतरी येऊन म्हणतो, “जरा सरका.” आता याला ऐकू येत नाही! मोबाइलमध्ये एकदम महत्त्वाचं काहीतरी निघतं. बढती मिळालेला माणूस ऑफिसात वागतो तसंच हेही, फक्त ऑफिसात त्याला काही वर्षं लागतात.

ही सरकासरकी पहिल्या दिवसापासूनची नाही. 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा 14 डब्यांत 400 पाहुणे होते. म्हणजे डब्यामागे अठ्ठावीस-एकोणतीस डोकी. आज तेवढी नुसती दारात असतात. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं, या अवस्थेला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं नाव दिलंय. नाव मोठं झोकदार आहे. आत उभ्या असलेल्याला ते उच्चारायला छाती फुगवावी लागेल, आणि तेवढी जागा नाही.

सरकायची ही विद्या गाडीत जन्मली नाही. ती गिरगावच्या चाळींतली, परळ-लालबागच्या खोल्यांतली. बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत गावाहून पाहुणा आला की आधी अंथरुणं सरकायची, मग माणसं. ‘जागा नाही’ हे वाक्य तिथे कोणी शिकवलंच नव्हतं. गिरणीचा भोंगा झाला की डबा घेऊन चालत निघालेला माणूस पाळीला वेळेवर हजर. गिरणी कामगारांच्या 1982 च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळीही जाऊ लागल्या, आणि सरकत सरकत ही माणसं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला पोचली. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. आता नातू गळ्यात कार्ड अडकवून बदलापूरहून फास्ट पकडतो, दादरला उतरून स्लो धरतो, करी रोडला बाहेर पडतो आणि आजोबा जिथे चालत जायचे त्याच आवारात शिरतो. पगार आजोबांपेक्षा कितीतरी जास्त, पण येताना बाकड्यावर अर्धं बूड. याला प्रगती म्हणायला माझी हरकत नाही. फक्त ते सांगणाऱ्याने एकदा सकाळची 8 नंतरची फास्ट पकडून यावं.

तोवर तिसऱ्या सीटवरच्या मंडळींना एक विनंती आहे. कोणी ‘जरा सरका’ म्हणालं तर मोबाइलमधून मान वर करा. दोन बोटं पुरतात.