रुपये दोन फक्त

मतदानाच्या आदल्या दिवशी तालुक्याला मंडप टाकून साहित्य वाटतात, त्यात मतदान केंद्राध्यक्षाला एक पावती पुस्तक मिळतं. मेणबत्ती, लाख, काडीपेटी, ब्लेड, दोरा, टाचण्या, कार्बन, शाईची बाटली कलंडू नये म्हणून ठेवायचा डबा आणि मतदाराच्या बोटाचं तेल पुसायची चिंधी, या सगळ्याच्या तळाशी ते असतं. प्रशिक्षणात त्याचा विषय निघतो तेव्हा मागच्या बाकांवर जेवणाचे डबे उघडलेले असतात, त्यामुळे ते कशाचं हे फारसं कुणाला आठवत नाही. ते दोन रुपयांचं असतं.

नियम 1961 चा. समोर उभा राहिलेला मतदार तो नव्हेच अशी शंका एखाद्या उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीला आली, तर त्याने केंद्राध्यक्षापुढे रोख दोन रुपये ठेवायचे आणि आक्षेप घ्यायचा. दर माणशी दोन. मग केंद्राध्यक्षाने जागच्या जागी चौकशी करायची. शंका घेणाऱ्याकडे पुरावा मागायचा, मतदाराला प्रश्न विचारायचे, वाटलं तर शपथ घालायची आणि निकाल द्यायचा. माणूस तोतया निघाला तर लेखी तक्रारीसह पोलिसाच्या हवाली. शंका उगाच खोडसाळपणे घेतलेली निघाली तर दोन रुपये सरकारजमा. एरवी परत.

म्हणजे एरंडोलकडचे जे गुरुजी वर्षभर चौथीला भागाकार शिकवतात, ते त्या दिवशी न्यायाधीश. कोर्टात अशा प्रकरणाला पहिली तारीख मिळेपर्यंत पोरगं दहावी होतं. इथे निकाल पाच मिनिटांत हवा, कारण बाहेर मे महिन्यातल्या खान्देशी उन्हात रांग उभी आहे आणि रांगेतले आबा ‘मास्तर, काय जेवाले बसनात का?’ म्हणून ओरडताहेत.

बाकी सगळं महागलं. लोकसभेच्या उमेदवाराची अनामत सुरुवातीला 500 रुपये होती, ती 25,000 झाली. विधानसभेची 250 ची 10,000 झाली. लोकसभेच्या उमेदवाराला आपल्याकडे 95 लाखांपर्यंत खर्च करायची मुभा आहे, विधानसभेच्या उमेदवाराला 40 लाखांपर्यंत. शंकेचा दर मात्र दोन रुपये. लोकसभेच्या अनामतीच्या हिशेबाने पन्नास पटीने वाढवला असता तरी आज शंभर झाला असता, आणि शंभराच्या नोटेला निदान थोडा मान तरी आहे.

दोन रुपयांचं करायचं काय? टपरीवर दोन रुपये परत येणे असतील तर टपरीवाला गोळी हातावर ठेवतो. आता समजा, धुळे तालुक्यातल्या एखाद्या केंद्रावर एका प्रतिनिधीला खरोखरच शंका आली. तो खिशात हात घालतो, तर पाचशेची नोट. आदल्या रात्री वस्तीत ज्या नोटा फिरतात त्यात दोनचं नाणं नसतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. गुरुजींकडे सुट्टे नाहीत. साहित्याच्या यादीत लाख आहे, काडीपेटी आहे, चिंधीसुद्धा आहे, सुट्टे पैसे नाहीत. फोनवरून पाठवावेत, तर आत मोबाईल चालत नाही, आणि नियमात ‘रोख’ लिहिलंय. दुसऱ्या उमेदवाराच्या प्रतिनिधीकडून उसने घ्यावेत, तर ज्याच्या मतदारावर शंका घ्यायची त्यालाच शंकेचे पैसे मागायचे, म्हणजे गावात उद्या सकाळी पारावर तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी शिपाई दुकानाकडे धावतो. दुकान शंभर मीटरच्या पलीकडे, आणि दुकानदार रांगेत, मतदानाला. तोवर ज्याच्यावर शंका, तो बिचारा तिथेच उभा. ‘तुम्ही खोटे आहात असं यांचं म्हणणं आहे, पण सुट्टे येईपर्यंत बसा.’ समजा, नाणं मिळालं. आता पावती. पावतीवर नाव, केंद्र क्रमांक, रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरी, सही. नंतर आक्षेपित मतांच्या यादीत नोंद. नंतर चौकशी. नंतर दोन रुपये परत करायचे असतील तर ते मिळाल्याची सही. एवढ्यात इकडे मतदान अधिकारी क्रमांक तीनने यंत्रावर कुणाचं मत सोडायचं आणि कुणाचं रोखायचं हा प्रश्न निर्माण होतो, कारण रांगेतल्या चार बायका ‘तुमचं चालू द्या’ म्हणत पुढे आलेल्या असतात.

पण हे होत नाही. प्रतिनिधी गावचाच असतो. त्याला आत बसवलेलंच यासाठी की तो माणसं ओळखतो. पहिला मतदान अधिकारी यादीतलं नाव आणि क्रमांक मोठ्याने वाचतो तोही याच्या कानावर पडावा म्हणूनच. आणि ओळखतो म्हणूनच तो बोलत नाही.

2024 ला 10 मे रोजी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होती. जळगाव मतदारसंघात मतदान 13 तारखेला, धुळ्याला 20 तारखेला. आखाजी म्हणजे लेकी माहेरी. अमळनेर तालुक्यातलं एक घर धरा. घरची सून शिंदखेड्याकडे माहेरी गेलेली, घरची लेक माहेरी आलेली. सुनेची चिठ्ठी आणि ओळखपत्र घरात पडून. 13 तारखेला सकाळी सुनेच्या चिठ्ठीवर नणंद, डोक्यावरून पदर नाकापर्यंत. अधिकारी सुनेचं नाव वाचतो. चार प्रतिनिधी समोर बसलेत. चौघांनी तिला परकर-पोलक्यात पाहिलेली, एकाने तर शाळेत तिच्या वहीवरून गणितं उतरवलेली. चौघांच्या खिशात आखाजीच्या झन्ना-मन्नाच्या पत्त्यांत जिंकलेली चिल्लर खुळखुळते आहे, म्हणजे सुट्ट्यांची अडचण नाही. चौघेही यादीवर टिंब करतात. एक जण फार तर हसून म्हणतो, ‘जाऊ द्या ना सर, आपलीच बहीण शे.’ आठवड्याने सूनबाई शिंदखेड्यात उभी राहते, कारण लग्नानंतर माहेरच्या यादीतलं नाव कमी करायला अर्ज करावा लागतो आणि तो करायला घरातल्या कुणालाही आजवर वेळ झालेला नाही. तिच्या बोटाला शाई नाही. शाई नणंदेच्या बोटाला.

आणि निकालानंतर हेच चौघे, किंवा त्यांचे साहेब, चौकात ओरडतात. बोगस मतदान झालं! जिंकणाऱ्याला वाटतं समोरच्याचं बोगस होतं, हरणाऱ्याला वाटतं सगळंच बोगस होतं. बाबांनो, तुम्ही दिवसभर आत बसला होतात! जेवणाचा डबा तुमच्या उमेदवाराने पाठवला, बदली प्रतिनिधी पाठवला, वाऱ्यासाठी खिडकीजवळची खुर्ची तुम्ही भांडून घेतलीत, आणि दोन रुपये काढून टेबलावर ठेवायला तुमचा हात खिशात गेला नाही. शंका घ्यायचीच होती तर ती पावती घेऊन घ्यायची होती. बिनपावतीची शंका फुकट असते, म्हणून ती चौकाचौकात पिकते. पावतीची शंका घेतली की समोरच्याच्या घरचं लग्नाचं निमंत्रण जातं.

संताप येतो तो फक्त इथेच नाही. या सगळ्यात निःपक्ष राहण्याची जबाबदारी कुणाची? गुरुजींची. गावात रात्री मुक्काम करायचा, पण कुणाचा पाहुणचार घ्यायचा नाही. शेवभाजीचा वास दोन घरांवरून येत असताना स्वतःचे पैसे मोजून वरण-भात खायचा, कारण कुणाची भाकरी खाल्ली याचा उद्या व्हिडिओ निघेल. शाळेचा संडास कुलूपबंद, किल्ली मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक दुसऱ्या तालुक्यात अशाच एखाद्या कुलूपबंद संडासासमोर केंद्राध्यक्ष. सगळ्या महिला अधिकारी असलेल्या केंद्राला बाहेरून फुगे लावतात, रांगोळी काढतात, सेल्फीची चौकट उभी करतात. पाण्याचं विचारलं की झोनल अधिकारी म्हणतात, ‘वरती कळवलंय.’ पहाटे अभिरूप मतदान घ्या, निदान पन्नास मतं, ती पुसा, सील लावा, प्रतिनिधींच्या सह्या घ्या, चुकलात तर 1951 च्या निवडणूक कायद्याचं कलम 134 आहेच. कर्तव्यात कसूर, दंड पाचशे रुपयांपर्यंत. खोडसाळ शंका घेणाऱ्याचे जातात दोन, आणि उन्हात थकून एखादा रकाना चुकला तर गुरुजींचे पाचशे! हे कोष्टक कुणी बनवलं त्याला एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावर मे महिन्यात पत्र्याच्या वर्गात बसवा, पंख्याशिवाय.

संध्याकाळी मतदान संपलं की गुरुजी दैनंदिनी भरतात. तीत विचारलेलं असतं, आक्षेपित मतं किती, मान्य किती, अमान्य किती, जप्त रक्कम किती. चारही जागी निरंक. मग पाकिटं. त्यातलं एक पावती पुस्तकाचं आणि जप्त रकमेचं, ‘असल्यास’. ते वेगळं. रात्री साडेअकराला साहित्य जमा करायच्या टेबलावर लिपिकाची पेन्सिल यादीवरून खाली सरकत याच पाकिटावर येऊन थांबते.

‘सर, रक्कम?’

‘काही नाही.’

‘मग निरंक लिहा.’

‘लिहिलंय.’

‘आकड्यात लिहिलंय. अक्षरी?’

गुरुजी अक्षरी निरंक लिहितात. मागच्या रांगेतल्या मॅडम, सकाळपासून बूट न काढलेल्या, विचारतात की पुढच्या खेपेला हे पुस्तकच दिलं नाही तर नाही का चालणार?

‘चालेल की,’ लिपिक म्हणतो, ‘पण मग या पाकिटात घालणार काय?’