टाइलच्या मागचं काम : ठेकेदारसाहेबांना अनावृत पत्र

प्रति,
आमच्या स्वयंपाकघराचे शिल्पकार,
माननीय ठेकेदारसाहेब यांसी,
कोथरूडहून सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, आपला फोन लागत नाही. लागलाच तर आपण 'साइटवर' असता. आपल्यासारख्या कार्यमग्न माणसाला वारंवार त्रास देणं बरं नव्हे, म्हणून आमची कृतज्ञता एकदाच कागदावर उतरवते आहे. स्वयंपाकघर करून घ्यायच्या बेतात असलेल्या आणखी चार घरांनीही ती वाचली, तर आपला लौकिक वाढेल.

सर्वप्रथम आपल्या अंदाजपत्रकाबद्दल आभार. काय सुरेख लिहिलंत! 'आयएस ७१० मरीन प्लाय', 'ड्राय बाल्कनीचं वॉटरप्रूफिंग', 'अर्थिंगसह संपूर्ण नवीन वायरिंग', 'राडारोडा वाहतूक'. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. ते मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलं आहे. पक्कं बिल मात्र आपण दिलं नाहीत. 'कशाला मॅडम, १८ टक्के वाचतात की,' म्हणालात. आमच्या खिशाची एवढी काळजी आमच्या घरातही कोणी करत नाही. मी तरीही सगळे पैसे बँकेतूनच दिले. त्याचा उपयोग पुढे सांगते.

प्लायबद्दल आपले आभार मानावे तेवढे थोडे. ७१० क्रमांकाचं मानक म्हणजे काय, हे मला आपल्यामुळे शिकावं लागलं. त्या प्लायचा तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत, अशी ती कसोटी आहे. अस्सल बोर्डावर भारतीय मानक ब्यूरोचं चिन्ह, मानकाचा क्रमांक आणि कारखान्याचा परवाना क्रमांक छापलेला असतो. आपण बसवलेल्या प्लायवर असं काही छापलेलं होतं का, हे पाहायची सोय आपण ठेवली नाहीत. माल आला त्याच दुपारी कापून, दोन्ही बाजूंनी सनमायका चिकटवून झालासुद्धा. एवढी तत्परता आपण त्यापूर्वी दाखवली नव्हती आणि त्यानंतरही दाखवली नाहीत.

पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालची फळी फुगली. सनमायका कडेने उचलला गेला, नखाने ओढला तर प्लायचा वरचा थर ओल्या पुठ्ठ्यासारखा त्याच्याबरोबर निघून आला. आत काळी बुरशी. दुसऱ्या सुताराला बोलावलं. त्याने कापलेली कड दाखवली. तिला ना पट्टी, ना सीलर. 'ताई, याला बाजारात कमर्शियल म्हणतात. कोरड्या जागी बेडरूमचं कपाट करायला चालतो, सिंकखाली नाही.' दोन्हींच्या भावातला फरक कोणाच्या खिशात गेला, हे मात्र त्या बिचाऱ्याला सांगता आलं नाही.

आमच्या जुन्या ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या होत्या. दिसायला काळ्या आणि गावठी, आपल्या शब्दांत 'आउटडेटेड'. जवळजवळ चाळीस वर्षं त्यांच्यावर पिठाचे डबे, लोणच्याच्या बरण्या आणि पाण्याची कळशी राहिली. एकही फळी फुगली नाही. आपण त्या फोडून नेल्यात.

आता ओट्याविषयी. इथे जरा सविस्तर लिहिण्याची परवानगी असावी.

आमच्या सासूबाईंची उंची ४ फूट १० इंच. वय ७६. या घरात भाकरी त्या थापतात आणि त्यांनीच थापावी असा त्यांचा आग्रह आहे. जुना ओटा ३० इंचांचा होता. तो त्यांच्या मापाने केलेला होता, आणि नवाही तसाच हवा हे मी आपल्याला तोंडी सांगितलं, लिहून दिलं, भिंतीवर खडूची रेघ मारून दाखवलं. आपण हसून म्हणालात, 'मॅडम, हल्ली सगळीकडे ३४ चं स्टँडर्ड आहे.' तयार खोके त्याच मापाचे आणले होते, असं नंतर कळलं. खाली पाये, वर ग्रॅनाइटची दुहेरी पट्टी, असं करत प्रत्यक्ष ओटा भरला ३६ इंच.

साहेब, भाकरी कशी थापतात हे आपण कधी पाहिलंय? ओटा कोपराच्या चांगला खाली असावा लागतो, म्हणजे पीठ मळताना अंगाचा भार तळव्यावर येतो. थापतानाही तळवा वरून खाली पडतो. ३६ इंचांच्या ओट्यावर परात ठेवली की तिचा काठ सासूबाईंच्या छातीशी येतो. मग जोर मनगटातून काढावा लागतो, खांदे कानाला लागतात. शेगडीची उंची त्यात मिळवा. तव्यावरची भाकरी उलटायला त्यांना हात वर उचलावा लागतो आणि वाफ थेट तोंडावर येते. कढईत काय शिजतंय ते त्यांना दिसतच नाही, वासावरून ओळखतात.

म्हणून त्या पाटावर उभ्या राहून स्वयंपाक करतात. खाली आपण घातलेली गुळगुळीत, चकचकीत फरशी. तिच्यावर पाण्याचा थेंब सांडला की पाट सरकतो. ७६ वर्षांची बाई, पुढे पेटती शेगडी, आणि पायाखाली सरकणारा पाट! आपण हस्तांतराच्या दिवशी याच ओट्याचा फोटो काढून नेलात आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवता, असं ऐकते. फोटोत ओटा फार देखणा दिसतो. त्यात सासूबाई नाहीत.

टाइल बसवण्याच्या कलेबद्दलही ऋणी आहोत. भिंतीवरची साधी सिरॅमिक टाइल पाण्यात भिजवून सिमेंटवर बसते. व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीतच नाही, तिचं शोषण अर्ध्या टक्क्याहून कमी. म्हणून सिमेंट तिला धरत नाही, तिला टाइलचा अ‍ॅडहेसिव्ह लागतो. तोही मागे पूर्ण पसरून. आपल्या माणसांनी सिमेंटचे पाच गोळे लावून टाइल दाबली आणि पुढे गेले. आता नाण्याने ठोकलं की निम्मी भिंत पोकळ वाजते. एक टाइल रात्री शेगडीवर पडली. रात्री पडली हे आमचं नशीब.

ड्राय बाल्कनीचं काय सांगावं! वॉटरप्रूफिंग झालं की नहाणीच्या जाळीला बोळा कोंबायचा, पाणी भरायचं, निदान २४ तास तसंच ठेवायचं, आणि खालच्या घराचं छत कोरडं राहिलं तरच वर फरशी घालायची, ही जुन्या मिस्त्र्यांची रीत. मी तसं सुचवलं तर आपण म्हणालात, 'पावसाळ्यात आपोआप टेस्ट होईल.' तशी ती झाली. निकाल खालच्या काकूंच्या छतावर लागला आहे, अवश्य पाहून यावं. पाणी जाळीकडे जावं म्हणून मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार ठेवतात. तो आपण ठेवलात, पण भिंतीकडे. काकू अजून आमच्याशी बोलतात, हा त्यांचा मोठेपणा.

फ्रिजसाठी जागा चार इंच कमी पडत होती, तेव्हा आपण सुचवलेल्या उपायाचं स्मरण झालं की अजून अंगावर काटा येतो. 'हा कोपरा थोडा छिन्नीने काढू, कोणाला कळणार नाही.' तो कोपरा म्हणजे इमारतीचा खांब होता, साहेब. वर आणखी तीन मजले, त्यांत माणसं राहतात. घाटकोपरची सिद्धी साई इमारत २५ जुलै २०१७ रोजी सकाळी कोसळली, १७ जण गेले. तळमजल्यावर नूतनीकरण चाललं होतं आणि त्यात खांबांना हात घातल्याचा आरोप झाला. ही गोष्ट आपल्या धंद्यातल्या माणसाला मी सांगावी? आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी वेळीच काम थांबवलं, म्हणून आपल्याला राग आला होता. आपण त्यांना 'विकासाला अडथळा' म्हणालात.

आणि आता वायरिंग. इथे मला आपले आभार मानणं जमत नाही. प्रयत्न करून पाहिला.

सासूबाई फ्रिज उघडताना दोनतीनदा म्हणाल्या, 'हाताला मुंग्या येतात गं.' आम्हाला वाटलं, वयामुळे. फराळाच्या दिवसांत ओव्हन लावला तर बोर्डातून जळका वास आला, तेव्हा इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला. ओव्हनच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला दीड चौरस मिलिमीटरची तार होती, जी दिव्या-पंख्यांना वापरतात. तिचं आवरण वितळलं होतं. आणि प्रत्येक सॉकेटमागे अर्थिंगची हिरवी तार व्यवस्थित स्क्रूला जोडलेली होती. त्याने ती हलकेच ओढली. वीतभर तुकडा सगळाच्या सगळा त्याच्या हातात आला. पुढे काहीच नव्हतं. पाइपात शिरल्यासारखी दिसावी म्हणून तिचं टोक तेवढं आत खोचलेलं होतं.

विसराळूपणा मी समजू शकते. पण कोणीतरी तो तुकडा मापाने कापला, स्क्रूला आवळला, टोक आत खोचलं आणि वर झाकण लावलं. माणसाला वाचवणारी वस्तू तिथे नाही हे माहीत असताना ती आहे असं दाखवलं. ओल्या हाताने फ्रिज उघडणारी म्हातारी बाई त्या घरात आहे, हेही आपल्याला माहीत होतं. तिच्या हातचा चहा आपण रोज पीत होता. इलेक्ट्रिशियनने त्याच दिवशी फ्रिज आणि मिक्सर बंद करायला लावले. नंतर नव्या तारा ओढून मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. गळती झाली की तो क्षणार्धात वीज तोडतो. तो आपल्या अंदाजपत्रकातही होता.

राडारोड्याच्या वाहतुकीचे पैसे आपण वेगळे लावलेत, ते आनंदाने दिले. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे नियम २०१६ सालीच झाले आहेत, तो कुठेही टाकता येत नाही. आमच्या जुन्या फरश्या आणि कडप्प्याचे तुकडे एका सकाळी फिरायला गेलेल्या आमच्या यजमानांना मुठेच्या काठी भेटले. आजेसासऱ्यांचं नाव कोरलेला तुकडाही त्यांतच होता.

आता राहिले आपले मिस्त्री. बिहारहून आलेला तो मुलगा गुडघ्यांवर बसून दिवसभर फरशी घासायचा. पाच गोळे लावून टाइल दाबायला त्याला कोणी सांगितलं, हे त्याने मला नंतर सांगितलं. अ‍ॅडहेसिव्हच्या गोण्या मागितल्या तर आपण 'सिमेंट आहे त्यात भागव' म्हणालात. तो परवा दारात आला होता. शेवटच्या आठवड्यांची मजुरी आपण त्याला दिलेली नाही. 'पार्टीने पैसे अडवलेत' असं आपण त्याला सांगितलंत. मी त्याला बँकेचा उतारा दाखवला. तो तारखा वाचत राहिला, मग बारीक आवाजात म्हणाला, 'पूरा दे दिया था आपने.'

तेव्हा साहेब, एक नम्र सूचना. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आपल्या वाचनात आला नसावा. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कसूर झाली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असंही नाही. आपलं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक, बँकेचे उतारे, इलेक्ट्रिशियनचा लेखी अहवाल, आणि ती वीतभर हिरवी तार, एवढं त्या फोल्डरमध्ये आहे. नोटीस पोस्टाने निघाली आहे, कृपया सही करून घ्यावी.

स्वयंपाकघर करायला निघालेल्या ज्या कोणाच्या हाती हे पत्र पडेल, त्यांनाही सांगते. प्लाय आला की कापण्याआधी शिक्का पाहा. तारा ओढून झाल्या की भिंत बुजण्याआधी फोटो काढा आणि अर्थिंग दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. पाणी भरून पाहिल्याशिवाय फरशीचा हप्ता देऊ नका. ओट्याची उंची ठरवताना, जी बाई तिथे उभी राहणार आहे तिला तिथे उभी करा.

आपल्याकडून मात्र माझ्या अपेक्षा फार नाहीत. ओटा ३० इंचांवर आणून द्या. काकूंचं छत कोरडं करून द्या. भिंत मी दुसऱ्याकडून करून घेईन, खर्च आपल्याकडून वसूल होईल. आणि या सगळ्याआधी, आजच्या आज, त्या मुलाची मजुरी द्या. छठसाठी त्याला गावी जायचं आहे, तिकीट त्याने काढलेलं नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक गिऱ्हाईक