शास्त्र आणि शोकेस

पाच पॉइंट वन सराउंड साउंडचं शास्त्र स्पष्ट आहे. पुढचे दोन स्पीकर ऐकणाऱ्यापासून ३०-३० अंशांवर, मागचे दोन ११० अंशांच्या आसपास, कानापेक्षा जरा वर. शास्त्राने आपला हॉल मात्र पाहिलेला नाही. इथे सोफा भिंतीला चिकटलेला, उजव्या ११० अंशांवर बाल्कनीचं दार, डाव्या बाजूला थेट स्वयंपाकघर. मग मागचा डावा स्पीकर फ्रिजवर चढतो आणि सिनेमातलं हेलिकॉप्टर डोक्यावरून जायचं सोडून कुकरच्या शिट्टीशी स्पर्धा करतं.

बहुतेक संवाद सेंटर स्पीकरमधून येतात, म्हणून त्याला शोकेसमध्ये, लग्नात आलेल्या डझनभर गणपतींच्या मागे बसवतात. वर तक्रार: हल्लीचे नट पुटपुटतात!

सबवूफरचं नशीब थोर. अगदी खालच्या स्वरांची दिशा कानाला फारशी कळत नाही, त्यामुळे तो कुठेही खपतो. कोपऱ्यात ठेवला तर बास आणखी फुगतो. तो कोपरा नेमका शेजाऱ्यांच्या बेडरूमला लागून असतो, हा निव्वळ योगायोग.

एवढं जमवून संध्याकाळी लागतात बातम्या. चर्चेतले सहाही जण एकदमच ओरडतात, पुढूनच. मागच्या दोघांना बोलायची संधीच मिळत नाही.