बदलापुरी अंगतपंगत : यजमान व पाहुणे यांच्यासाठी नियमावली

आपापला डबा आणायचा आणि गोल करून जेवायचे, याला आपल्याकडे अंगतपंगत म्हणत. हल्ली पॉटलक म्हणतात. नाव बदलले आणि भांडणे सुरू झाली. गोकुळात सवंगड्यांनी शिदोऱ्या एकत्र करून काला केला, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी ‘मी फक्त कागदी प्लेट आणतो’ असे म्हटल्याची नोंद नाही. आमच्या सोसायटीत मात्र तशी नोंद दर वर्षी होते. म्हणून हे मार्गदर्शन. पूर्व व पश्चिम अशा दोन्ही बदलापूरकरांना ते सारखेच लागू राहील.

नियम १ : तारीख

संकष्टी, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार आणि ज्यांचे मंगळवार-शनिवार असतात त्यांचे ते वार, एवढे कालनिर्णयावर खोडून काढावे. उरतात ते काही रविवार. त्यांतून मेगाब्लॉकचे रविवार वजा करावे. यानंतरही एखादी तारीख शिल्लक राहिलीच, तर त्या दिवशी गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि सेक्रेटरी गावाला असतात. कोजागिरी सर्वांत सोयीची. त्या रात्री वीज गेली तरी ‘मुद्दामच घालवलीय, चांदणं बघा’ असे सांगता येते.

नियम २ : पदार्थांची वाटणी

‘ज्याला जे जमेल ते आणा’ असे यजमानाने कधीही म्हणू नये. आम्ही एकदा म्हटले होते. तेरा घरांतून नऊ पुलाव आले, तीन गुलाबजाम आणि एक वेफर्सची पिशवी. पोळी कोणाकडूनच आली नाही, कारण ‘कोणीतरी आणेलच’ ही पोळीबाबतची सार्वत्रिक समजूत आहे. पोळ्या नेहमी नाव घेऊन आणि आकडा सांगून मागाव्या.

जूनमध्ये कोणी जांभळांची परडी आणली, तर ‘यात तुम्ही काय केलंत?’ असे विचारू नये. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन आहे. विचारणाऱ्याच्या पुलावाला नाही.

सामिष-निरामिष टेबले वेगळी ठेवावीत. चमचा ज्या पातेल्याचा त्याच पातेल्यात राहील, यासाठी एक करारी काकू नेमावी. अशी काकू प्रत्येक विंगमध्ये असते. तिला नेमावे लागत नाही, फक्त कळवावे लागते.

नियम ३ : लोकलने येणारे पाहुणे

सीएसएमटीहून बदलापूर अडुसष्ट किलोमीटरवर आहे. दादरच्या पाहुण्याच्या मनात हे अंतर याच्या दुप्पट असते आणि आल्या आल्या तो ते बोलून दाखवतो. त्यावर ‘हवा बघा इथली’ एवढेच म्हणावे. त्याला रश्शाचा पदार्थ सांगू नये. संध्याकाळच्या गर्दीत खिरीचे पातेले घेऊन चढलेला माणूस कल्याणला रिकामे पातेले आणि अनोळखी लोकांचे गोड शर्ट घेऊन उतरतो. कोरडे सांगावे : चकली, वड्या, थालीपीठ.

डुलकी लागण्याची सवय असलेल्यास कर्जत गाडी सुचवू नये. जाग येते तेव्हा वांगणी गेलेली असते, आणि नेरळच्या फलाटावर बसून एकट्याने खाल्लेल्या चकल्यांना अंगतपंगत म्हणत नाहीत.

खरे तर या विषयातले तज्ज्ञ गाडीतच भेटतात. महिलांच्या डब्यात सकाळी मटार सोलले जातात, वाढदिवस होतात, दसऱ्याला आरती होऊन प्रसाद वाटला जातो. तिथे यजमान कोणी नसतो आणि जागाही नसते, तरी कोणी उपाशी उतरत नाही. डब्यात डबा उघडला की तो आपला राहत नाही, हा तिथला एकमेव नियम.

नियम ४ : दारातले स्वागत

बहुतेक यजमान इथेच घसरतात. घंटा वाजते तेव्हा ते ओट्यापाशी असतात आणि पाहुणा चपला काढून भिंतीवरचे फोटो बघत उभा असतो. यावरचा उपाय दोन स्टेशने अलीकडे, उल्हासनगरात मिळतो. फाळणीनंतर घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना तिथल्या लष्करी छावणीत राहायला मिळाले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यांच्या घरी गेलात की आधी पापड आणि पाणी पुढे येते, बाकी सगळे नंतर. पापड भाजायला मिनिट लागत नाही. पाहुण्याचे हात गुंततात, तोंड गुंतते आणि ‘किती लांब राहता हो’ हे वाक्य आपोआप पुढे ढकलले जाते.

नियम ५ : आग्रह

अंगतपंगतीत यजमानाची मोठी पंचाईत होते, कारण आग्रह करायला त्याचा स्वतःचा पदार्थ एकच असतो. दुसऱ्याच्या भरल्या वांग्यांचा आग्रह केला, तर वहिनींना वाटते आपली संपवताहेत. नाही केला, तर वाटते आवडली नाहीत. म्हणून ज्याने त्याने आपल्याच पदार्थाचा आग्रह करावा. पाहुण्याने प्रत्येक पातेल्यातले चमचाभर घ्यावे आणि कृती विचारावी. कृती सांगताना एक जिन्नस गाळण्याचा हक्क सुगरणीला आहे. त्याबद्दल तक्रार चालणार नाही.

नियम ६ : न बोलावता आलेले

‘माझा मेहुणा आलाय, चालेल ना?’ या प्रश्नाचे उत्तर एकच आहे. ते देताना कपाळावर आठी पडत असेल, तर २७ जुलै २०१९ आठवावा. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. कोल्हापूरला निघालेली हजारावर माणसे पाण्यात उभ्या गाडीत होती. बोटींनी त्यांना बाहेर काढले, आसपासच्या गावांतले लोक धावले, चहा-खाण्याची सोय झाली. तेव्हा ‘तुम्ही काय आणताय?’ असे कोणी विचारले नव्हते. तेरा घरांच्या पंगतीत एक मेहुणा सहज मावतो.

नियम ७ : भांडी

पूर्वी इथे प्रवासात घोडे बदलत, म्हणून गावाचे नाव बदलापूर पडले, असे जुने लोक सांगतात. घोडे गेले. आता भांडी बदलतात. स्टीलवर नाव घालून घेण्याची रीत आपल्या आज्यांनी उगाच पाडली नव्हती. ज्यांनी ती मोडली, त्यांनी झाकणाखाली चिकटपट्टी लावावी आणि ती घासताना निघून जाईल हेही धरून चालावे.

आलेला डबा रिकामा परत करू नये. काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालावी. या एका नियमामुळे हिशेब कधीच मिटत नाही, आणि माझ्या मते तो मिटू नये याचसाठी नियम केला असावा.

आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी गच्चीवर एक कडीचा डबा उरला. त्यावर ‘मंगळागौरीनिमित्त, १९८७’ एवढेच कोरलेले. नाव घासून गेलेले. ग्रुपवर फोटो टाकला, कोणी ओळख दाखवली नाही. शेवटी शेंगदाण्याचे लाडू भरून तो बी विंगमध्ये दिला. तिथून तो नारळाच्या वड्या घेऊन सी विंगला गेला आणि तिथून शेवया घेऊन आमच्याकडे. गेल्या महिन्यात तळमजल्यावरच्या आजी तो हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, ‘कडी जरा सैल झालीय, बघून घ्या.’

कडी बसवून घेतली आहे. आत काय भरायचे, ते ठरायचे आहे.