नानाचा चोपडा

मोबाइलवर चौघांनी मिळून खेळायचा नेमबाजीचा गेम असेल, तर त्या चौघांत कोण कोण असणार हे खेळ सुरू होण्याआधीच सांगता येतं. एक जण विमानातून सगळ्यांच्या आधी उडी मारतो आणि सगळ्यांच्या आधी मरतो. दुसरा घराघरांत शिरून सामान गोळा करत बसतो. लढाई संपते तेव्हा त्याच्या पाठीवर अख्खा संसार असतो आणि बंदुकीतली एकही गोळी खर्च झालेली नसते. तिसऱ्याचं नेटवर्क नेमकं गोळीबार सुरू झाल्यावर जातं. चौथा या तिघांची नोंद ठेवतो. पहिल्या तिघांवर आजवर भरपूर विनोद झालेत. चौथ्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. त्याचं सगळ्यांकडे असतं.

हा चौथा पूर्ण बहरलेला बघायचा तर कडोदऱ्याला जावं. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातलं हे कापडाचं गाव. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि सुरत-बारडोली रस्ता इथल्या चार रस्त्यावर एकमेकांना छेदतात. बारडोलीकडे तोंड करून निघालं की व्यारा, सोनगड, नवापूर करत माणूस सरळ धुळ्याला पोचतो, आणि धुळे-जळगावकडचे लोक त्याच वाटेनं येऊन इथल्या लूमवर आणि मिलमध्ये कामाला लागतात. ओडिशातल्या गंजामचे येतात, यूपी-बिहारचे येतात. चहाच्या लारीपुढच्या एका बाकावर चार भाषा बसलेल्या असतात आणि चौघांच्या हातात एकच गेम असतो.

आमचा नाना इथल्या एका लूमच्या खात्यात मेहताजी आहे. वय सव्वीस, पण खान्देशात नाना व्हायला वय लागत नाही, पाळण्यातसुद्धा होता येतं. कोण हजर, कुणाचा खाडा, कुणी किती मीटर कापड काढलं, कुणी पगारावर किती उपाड घेतला, हे सगळं त्याच्या वहीत असतं. वहीच्या शेवटी ‘शेरा’ नावाचा एक अरुंद रकाना असतो. बाकीचे मेहताजी तो कोरा सोडतात. नानाचा जीव मात्र त्या रकान्यात आहे. अक्षर बारीक करून, समास ओलांडून, गरज पडली तर पान उलटून तो शेरा लिहितो.

असा माणूस गेम खेळायला लागला तेव्हा त्याला पहिलं दुःख झालं ते हिशोबाचं. गेमला आकडे पाठ असतात. कुणी किती मारले, किती नुकसान केलं, किती मिनिटं जिवंत राहिला, सगळं पडद्यावर येतं. माणसाबद्दल मात्र गेमपाशी दोनतीनच मतं आहेत. आवडला तर फ्रेंड, नाही आवडला तर ब्लॉक, फारच संताप आला तर रिपोर्ट. नानाचं म्हणणं असं की खात्यात तीनशे कारागीर असले तर त्यातला एखादाच जिवलग निघतो आणि एखादाच चोर. उरलेले सगळे ‘बरा आहे, पण’ या जातीचे असतात. आणि ‘पण’साठी गेममध्ये बटणच नाही.

म्हणून त्यानं चोपडा घातला. लाल पुठ्ठ्याचा, लांबट, दुकानात हिशोबाला वापरतात तसला. पहिल्या पानावर कुंकवानं ‘शुभ लाभ’ आणि खाली गेममधला स्वतःचा आयडी. पुढे रकाने: नाव, आयडी, गाव (आवाजावरून), पाळी, देणं, घेणं आणि दोन बोटं रुंदीचा शेरा. त्यातले काही शेरे त्यानं चहाच्या लारीवर स्वतःच वाचून दाखवले आहेत, नावं झाकून:

‘पडला की भाई रिव्हाइव्ह, भाई रिव्हाइव्ह अशी आरती. दुसरा पडला की ऐकू येत नाही.’

‘गाडी उत्तम चालवतो. उतरू देऊ नये.’

‘पोचिंकीतच उतरू म्हणतो. पोचिंकीतच मरतो. स्वभाव.’

‘गंजामचा असावा. पाळी बदलली की आठवडाभर दिसत नाही. खाडा धरू नये.’

‘शिव्या फार, पण वाचवायला धावतो. ठेवावा.’

‘रात्री नऊला आई जेवायला बोलावते. पावणेनऊनंतर घेऊ नये.’

‘आवाज कोवळा. बहुतेक शाळकरी पोरगा. हरला तरी कुणी ओरडायचं नाही.’

हा शेवटचा शेरा नानानं वाचला तेव्हा लारीवरच्या एकानं त्याला विचारलं, त्या पोराला तू ओळखतोस का? नाना म्हणाला, “ओळखत असतो तर लिहायला कशाला लागलं असतं?”

चोपड्याचे कायदे कडक आहेत. अनोळखी खेळाडू, ज्याला सगळे रँडम म्हणतात, तो आधी कच्च्या पानावर जातो. तीन सामने बरे खेळला तर पक्क्या पानावर. उसना दिलेला फर्स्ट एड देणं बाजूला चढतो; परत मिळाल्याशिवाय खोडला जात नाही. सगळ्यांत मोठा कायदा हा की ज्याचा शेरा त्याला दिसत नाही. खात्यातल्या एका पोरानं आठ दिवस चहा पाजून पाहिला. नानानं चहा घेतला, आणि सांगितलं, “चोपडा कोनले दाखाडतस का भो?” हे गुपित राखणं त्याचं एकट्याचं खूळ नाही. गेमवाल्यांचं जगभरचं गप्पांचं ठिकाण असलेल्या डिस्कॉर्डवर प्रत्येक माणसाच्या नावाखाली टिपण लिहिता येतं, आणि ते लिहिणाऱ्यालाच दिसतं. नानाच्या भाच्यानं त्याला हे मोबाइलवर उघडून दाखवलं. नानानं ती एवढीशी चौकट बघितली आणि विचारलं, “यात मागची बाकी कुठे ओढायची?”

चोपड्याचा मान वाढला तो २०२०मध्ये. २ सप्टेंबरला सरकारनं या गेमवर, म्हणजे पबजी मोबाइलवर, बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला त्याचे सर्व्हरही भारतापुरते बंद झाले. लोकांच्या फ्रेंडलिस्टी अंधारात गेल्या. रोज रात्री ज्यांच्या खांद्याला खांदा लावून लढले, त्यांचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं, मग नंबर कुठून असणार? त्या दिवाळीत कडोदऱ्यात एकाच माणसाकडे सगळ्यांचा पत्ता लागत होता. नानानं गाव, पाळी, आवाज आणि शेरा यांवरून माणसं शोधून काढली. ‘वराछाचा, खोकला जुना’ एवढ्या नोंदीवर त्यानं एकाला हिऱ्याच्या कारखान्याच्या दारात गाठलं. तो मनुष्य घाबरला. त्याला वाटलं उपाडाच्या वसुलीला कुणी आलंय. एका अर्थी खरंच होतं ते, दोन मेडकिट बाकी होती.

२ जुलै २०२१ला तोच गेम बीजीएमआय या नावानं भारतात आला, २०२२च्या जुलैत दुकानांतून काढला गेला आणि २०२३च्या मे महिन्यात परत आला. येताना प्रौढांना दिवसाला सहा तास आणि १८ वर्षांखालच्यांना तीन तास अशी मर्यादा घेऊन आला. बारा तासांच्या पाळीवर बसणारा नाना म्हणाला, “सहा तासांची पाळी! असं खातं कुठे असेल तर सांगा, उद्या नोकरी सोडतो.” मधल्या या ये-जा करण्यात चोपड्याचं पान मात्र कधी कोरं पडलं नाही. दिवाळीला शेठच्या गादीवर चोपडा-पूजन होतं तेव्हा खात्याच्या वह्यांच्या गठ्ठ्यात खालून दुसरी वही नानाची असते. शेठनं फुलं वाहिली आहेत तिच्यावर. शेठला माहीत नाही.

नाव बदलून येणाऱ्यांचा नानाला विशेष राग. गेममध्ये रीनेम कार्ड मिळतं. ते लावलं की कालचा पळपुटा आज ‘वाघ’ होऊन येतो, नावाच्या दोन्ही बाजूंना तलवारी लावून. नाना नाव वाचतच नाही. आयडी बघतो, पान काढतो आणि माइकवर शांतपणे म्हणतो, “या. एट एक्स स्कोप घेऊन गेला होतात.” नाव बदललं म्हणून बाकी फिटत नाही, हे तत्त्व सुरतेच्या कापडबाजारात अनेकांना महागात शिकावं लागलंय. नानानं ते गेममध्ये फुकट शिकवलं.

परदेशातल्या मोठ्या कंपन्यांनाही हा विषय सुटलेला नाही. ‘ओव्हरवॉच’ या गेममध्ये २०१६ साली ‘हा खेळाडू नको’ असं सांगायची सोय होती. लोकांनी ती वापरली, आणि विडोमेकर हे पात्र खेळणाऱ्या जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एकाला सामनेच मिळेनासे झाले. तो वाईट वागत नव्हता, फार चांगला खेळत होता. समोरच्यांना हरायचं नव्हतं. कंपनीनं ती सोय काढून टाकली. २०१८मध्ये परत आणली तेव्हा ती फक्त आपल्या बाजूला कोण नको एवढ्यापुरती, आणि तीही मोजक्या दोघांसाठी. भाच्यानं हा किस्सा सांगितल्यावर नाना बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “चांगल्या कारागिराला टाळतात? आमच्याकडे पळवतात.” त्या रात्री त्यानं चोपड्यात नवीन रकाना आखला: ‘कुणाकडून फोडला’.

अशा माणसाच्या आयुष्यात दोन वह्या एकमेकींत मिसळणार, हे ठरलेलंच. एका महिन्यात पगाराच्या वहीत एका कारागिराच्या नावापुढे शेरा आला: ‘झाडीत लपतो. शेवटी बाहेर येतो.’ शेठनं चष्मा पुसून दोनदा वाचला आणि सुपरवायझरला बोलावलं. सुपरवायझरनं तपास केला. कारागीर खरोखरच पाळीत दोन तास गोदामातल्या ताक्यांमागे झोपत होता. त्याच आठवड्यात लखनौच्या एका खेळाडूला नानानं माइकवर, लूमपुढे उभं असल्यासारखं, खडसावलं की तुझा बीम संपत आलाय. त्या खेळाडूनं त्याला रिपोर्ट केलं.

खरा हाहाकार झाला बहिणीच्या लग्नात. लग्न गावाकडे, अमळनेरच्या बाजूला. घरात मेहताजी आहे म्हटल्यावर आहेराची वही दुसऱ्या कुणाच्या हातात जाणं शक्यच नव्हतं. आता आहेराची वही म्हणजे तरी काय? सोबतच्या खेळाडूंची नोंद ठेवायचं आपलं सगळ्यांत जुनं साधन. कुणी काय घातलं ते लिहायचं आणि त्यांच्याकडे कार्य निघालं की तोलून तेवढंच परत घालायचं. त्यात शेऱ्याचा रकाना मात्र नसतो, कारण शेरे बायकांना तोंडपाठ असतात. नानानं रकाना आखला.

सत्यनारायण उरकल्यावर थोरल्या काकांनी वही मोठ्यानं वाचायला घेतली. पहिली दोन पानं रकमांची गेली. तिसऱ्यावर त्यांची नजर उजवीकडे घसरली. एका व्याह्यांपुढे होतं, ‘पाकीट फुगीर, आत सुटे.’ एका आतेभावापुढे, ‘जेवून गेला, भेटला नाही.’ एका गरीब चुलत आजीपुढे एकवीस रुपये आणि त्यापुढे, ‘चालत आली. परत करताना जास्त करावं.’ काका इथे थोडे थांबले. मग पुढची ओळ आली ती थेट मामांची: ‘लूट घेतो, कव्हर देत नाही.’

मामा समोरच बसले होते. “कव्हर म्हंजे काय रे नाना?” त्यांनी विचारलं. नानाच्या भाच्याच्या तोंडून निघून गेलं की आपण पुढे लढत असताना मागे उभं राहून जो सांभाळतो तो कव्हर देतो. मामा उठून गेले. आई नानाला बोलली, काका बोलले, सगळे त्याच्या लिहिण्याला बोलले. लिहिलेलं खोटं आहे असं मात्र त्या बैठकीत कुणी म्हणालं नाही. चार महिन्यांनी मामांच्या मुलानं घर बांधायला काढलं तेव्हा उलट मामाच आईकडे येऊन हळूच विचारत होते, नानाची ती वही कुठे आहे, चुलत आजीनं काय घातलं होतं?

अशा माणसाचा त्रास होतो. त्याच्यासोबत खेळताना सारखं वाटतं की मागे कुणीतरी पेन घेऊन उभं आहे. पण जिथे रोज नवं माणूस येतं, होळीला गावी जातं आणि परत येईलच याची खात्री नसते, अशा गावात ‘हा पडला होता तेव्हा त्यानं उचललं होतं’ एवढं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं. गेम ते लिहीत नाही, खातं लिहीत नाही, आणि ज्याला उचललं तो तर सगळ्यांत आधी विसरतो. टोळीत असा एक माणूस असावाच. दोन नसावेत, दोघे एकमेकांचे शेरे लिहीत बसतील आणि झोन आवळत येऊन सगळे मरतील.

तुमच्या टोळीतही एक नाना असेलच. तो कोण, हे शोधू नका. त्यानं तुम्हाला कधीच शोधून ठेवलंय. फक्त उसनी घेतलेली मेडकिट दिवाळीच्या आत परत करा. नव्या चोपड्यात बाकी पुढे ओढली की ती व्याजासकट ओढली जाते.