सॅटेलाइटवाले भाई

इन्सुलीतल्या भाईंना हातात धरायचं जीपीएस यंत्र घ्यायचं आहे. त्यानंतर फुकेरीच्या हनुमंतगडावर जायचं आहे. रस्ता आहे तोवर जीपने, पुढे पायी. पावसाळे येतात नि जातात, पण यंत्र काही ठरत नाही.

कुणी चुकून म्हटलं, ‘भाई, मोबाईल असा मरे तुमच्याकडे,’ की भाई खुर्ची पुढे ओढतात. रेंज नसली तरी मोबाईलला उपग्रह सापडतात, नकाशा आधी उतरवून ठेवला तर तो वाटही दाखवतो, हे ते उमदेपणाने मान्य करतात. पण पावसाचं काय? आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटर पडतो! ओल्या काचेवर बोट फिरवलं की नकाशा सरळ बेळगावात. म्हणून बटणांचं यंत्र हवं, आणि पेन्सिल सेलवर चालणारं, कारण सेल बांद्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात. जंगलात दुकान नाही, हे त्यांना सांगायची सोय नाही.

शेजाऱ्यांपेक्षा भाई उपग्रहांची चौकशी जास्त ठेवतात. अमेरिकेचे वीस हजार किलोमीटरवर फिरतायत, रशियाचे वेगळे, युरोपचे वेगळे; चीनचे वापरावेत की नाही, यावर देवळाच्या पायरीवर वाद झालेला आहे. आपल्या इस्रोचं नाविक मात्र हवंच. ठिकाण काढायला चार उपग्रह का लागतात, हे ते झटक्यात सांगतात: ‘तीन जाग्यासाठी, चौथो घड्याळ जुळवूक.’ 2 मे 2000 रोजी अमेरिकेने सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. ही तारीख त्यांना लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की ठाऊक आहे. हे वहिनींचं निरीक्षण.

मध्यंतरी त्यांचं मन उपग्रहावरून संकटाचा निरोप धाडणाऱ्या यंत्रावर बसलं होतं. मोपा विमानतळ हाकेच्या अंतरावर, भाचा दुबईहून घेऊन येईल, असा बेत. पण भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि डिसेंबर 2024 मध्ये असलं यंत्र सामानात सापडल्यावरून गोव्यात विमानतळावर परदेशी पाहुण्यांना अडवल्याची बातमी आली. भाईंनी मध्यरात्री दुबईला फोन लावला: ‘हाडू नको हां, अजिबात हाडू नको!’ भाच्याला मुळात काही आणायचं आहे हेच माहीत नव्हतं.

इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याकडून येणाऱ्या गाड्यांच्या डिक्या उघडतात त्या बाटल्यांसाठी. भाईंच्या डिकीत निघाली माहितीपत्रकांची पेटी. ‘काका, ह्या काय?’ असं शिपायाने विचारलं मात्र, भाईंनी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही चालू राहणाऱ्या यंत्राची कथा लावली. मागे गाड्यांची रांग लागली. शेवटी शिपायानेच हात जोडले. दारू पार करणाऱ्यांना ही युक्ती अजून सुचलेली दिसत नाही.

भाईंच्या सल्ल्याने इतरांनी मात्र यंत्रं घेतली. पुतण्या तर ते घेऊन हनुमंतगड चढूनही आला आणि वाटेची नोंद कौतुकाने काकांना दिली. भाईंनी ती सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीटवर बिंदू-बिंदू करत उतरवली. चष्मा वर केला.

‘तू गडार गेलसच नाय. ह्या बघ, तू दरीत असस.’

पुतण्याने बुरुजावरचा फोटो पुढे केला.

‘फोटोत तू दिसतस. अक्षांश खंय दिसता?’

जुनी टोपोशीट जॉर्ज एव्हरेस्टच्या 1830 च्या पृथ्वीमापावर बेतलेली, यंत्र आजच्या जागतिक मापावर चालणारं. दोघांत आपल्याकडे शे-दीडशे मीटरचा फरक पडतो. 2005 च्या नकाशा धोरणानंतर निघालेल्या खुल्या नकाशांत ही भानगड नाही. भाईंना हे सगळं तोंडपाठ होतं. पुतण्याला त्यांनी ते सांगितलंही, पण त्याचा चेहरा पुरता उतरल्यावर.